पोकळीचा हिशेब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ व्याख्यानमालेचं हे पुष्प गुंफलं जातं, ते जन्मभर शाळेत विज्ञान शिकवत होते. संयोजकांनी दिलेला विषयही त्यांना शोभेल असाच आहे : रसायनशास्त्रातल्या ताज्या बातम्या आणि आपलं रोजचं जगणं. तासाभरात सगळ्या बातम्या सांगायच्या म्हटलं तर मी मथळे वाचून दाखवीन आणि तुम्ही घड्याळं बघाल. म्हणून एकच बातमी घेतो आणि ती नीट उलगडून बघू.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. क्योटोचे सुसुमु कितागावा, मेलबर्नचे रिचर्ड रॉब्सन आणि बर्कलीचे ओमर याघी, अशा तिघांना मिळून. कशासाठी? मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क नावाच्या पदार्थांसाठी. प्रयोगशाळेतली मंडळी त्यांना नुसतं 'मॉफ' म्हणतात, आपणही तसंच म्हणू. धातूचे अणू कोपऱ्यांवर, त्यांना जोडणारे कार्बनी रेणू कडांवर, आणि मध्ये काय? काही नाही. मोकळी जागा. या तिघांनी जगाला दिली ती ही मोकळी जागा, तीही मोजूनमापून घडवलेली.

निवड समितीतल्या एका सदस्यानं या पदार्थांना हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या हर्मायनीच्या पिशवीची उपमा दिली. बाहेरून चिमुकली, आतून अफाट. मुलं खूश झाली असतील. मला मात्र ती उपमा अर्धीच पटते. त्या पिशवीतून वस्तू परत काढायला हर्मायनीला काही कष्ट पडत नाहीत. रसायनशास्त्रात सगळे कष्ट तिथेच आहेत! एखाद्या पदार्थाला वायू धरायला लावणं जमतं. धरलेला वायू हवा तेव्हा, फार इंधन न जाळता, सोडायला लावणं, आणि हे लाखो वेळा करून घेणं, ही खरी कसोटी. आज मला सांगायचं आहे ते या धरण्याबद्दल आणि त्याहून जास्त सोडण्याबद्दल.

पण पोकळ स्फटिक ही काही २०२५ सालची नवलाई नाही. आपण या क्षणी बसलो आहोत त्या सभागृहाखालचा दगड कोणता? काळा पाषाण, बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, लाव्हा थिजला आणि बुडबुड्यांच्या जागी खळगे राहिले. पुढे त्या खळग्यांतून पाणी झिरपत राहिलं आणि आत स्फटिक वाढले. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट. पुण्याच्या, नाशिकच्या, जळगावच्या दगडखाणींत आणि विहिरी खोदताना हे स्फटिक आजही निघतात, आणि जगभरच्या संग्रहालयांत 'महाराष्ट्र, भारत' अशी चिठ्ठी लावून बसतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते डोळे भरून बघता येतात. सुरुंग लावून खडी काढणारे आपण, त्या खडीत केवढी दौलत चुरडून रस्त्यावर ओततो, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

हे स्फटिक झिओलाइट कुळातले. १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजतज्ज्ञानं असा एक दगड ज्योतीवर धरला, तर तो फसफसला, त्यातून वाफ निघाली. दगडाच्या आत पाणी होतं! भेगांमध्ये साचलेलं नव्हे, तर अणूंच्या जाळीतच मुक्कामाला असलेलं. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनिअम आणि ऑक्सिजन यांची ती जाळी, आणि तिच्यात रेणूच्या मापाच्या खोल्या.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून माणसानं झिओलाइट कारखान्यात बनवायला घेतले, आणि मग ते कुठे गेले? कपडे धुण्याच्या पावडरीत गेले, जड पाणी मऊ करायला. तेलशुद्धीकरण कारखान्यात गेले, जाड तेलाचे लांबलचक रेणू तोडून पेट्रोल बनवायला. आज इथे दुचाकीवरून आलेल्या प्रत्येकाच्या टाकीतल्या पेट्रोलमागे बहुधा कुठेतरी झिओलाइट आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिओलाइटचे उत्प्रेरक बनवले आणि ते देशातल्या कारखान्यांत चालले. तेव्हा ही विद्या आपल्याला परकी नाही.

आणि २०२१ चा एप्रिल? करोनाचा तो महिना कुणी विसरलेलं नसणार. ऑक्सिजन, ऑक्सिजन, ऑक्सिजन. त्या दिवसांत 'कॉन्सन्ट्रेटर' हा शब्द घराघरांत पोचला. ते यंत्र ऑक्सिजन तयार करत नव्हतं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. यंत्र ती हवा दाबून झिओलाइटच्या मण्यांनी भरलेल्या नळकांड्यात सोडतं. नायट्रोजन मण्यांना चिकटून राहतो, ऑक्सिजन पुढे निघून जातो. काही सेकंदांत मणी भरतात. मग? दाब काढून घ्यायचा. नायट्रोजन आपसूक सुटतो, बाहेर जातो, मणी रिकामे, पुन्हा तयार. तोवर शेजारचं दुसरं नळकांडं कामाला लागलेलं असतं. रुग्णाच्या उशाशी रात्रभर जो 'फुस्स, फुस्स' आवाज यायचा, तो नायट्रोजन सुटण्याचा होता.

त्याच महिन्यात मुंबईच्या आयआयटीत मिलिंद अत्रे यांच्या नेतृत्वाखाली एक साधा पण नामी उपाय करून दाखवला गेला. अनेक कारखान्यांत हवेतून नायट्रोजन वेगळा काढणारी यंत्रं असतात, त्यांत कार्बनची चाळणी असते. या मंडळींनी कार्बन काढला, झिओलाइट भरलं, थोडे फेरफार केले आणि तीन दिवसांत तेच यंत्र ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देऊ लागलं. यंत्र तेच, पंप तोच. बदलली ती फक्त पोकळी.

मग झिओलाइट एवढं गुणी असेल तर मॉफची गरज काय? दोन अडचणी आहेत. झिओलाइटच्या खोल्या ठरावीक मापाच्या असतात. त्यांच्या जाळ्यांचे प्रकार अडीचशेच्या आसपास, त्यातून निवडा. दुसरी अडचण पकडीची. झिओलाइट पाण्याला इतकं घट्ट धरतं, की ते सुटावं म्हणून दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवावं लागतं. दमट हवेत बंद पडून राहिलेले कॉन्सन्ट्रेटर म्हणूनच कुचकामी होऊ शकतात. मणी ओलावा पकडून बसतात, नायट्रोजनला जागाच उरत नाही. आपल्याला हवी असते ती मापाची खोली आणि मापाची पकड. ती घडवता येईल का?

इथे रॉब्सन येतात. १९७४ साल. मेलबर्न विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवायला रेणूंच्या प्रतिकृती करायच्या होत्या. लाकडी गोळे म्हणजे अणू, काड्या म्हणजे बंध. गोळ्यांना भोकं पाडायला ते कार्यशाळेत द्यायचे होते, आणि भोकं वाटेल तिथे पाडून चालत नाही. कार्बनला चार दिशा, नायट्रोजनच्या वेगळ्या. गोळे तयार होऊन आले, रॉब्सन जोडायला बसले, आणि त्यांच्या लक्षात आलं की भोकांच्या जागा ठरल्या की सांगाडा आपोआप ठरतो. मग गोळ्यांऐवजी खरे धातूचे आयन घेतले आणि काड्यांऐवजी लांब रेणू घेतले तर?

हा विचार त्यांनी लगेच करून पाहिला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. दहा वर्षांहून अधिक काळ तो तसाच राहिला. दरवर्षी नवी मुलं यायची, दरवर्षी गोळे निघायचे, दरवर्षी विचार पुन्हा डोकं वर काढायचा. १९८९ साली त्यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक रेणू एकत्र आणून हिऱ्यासारख्या मांडणीचा स्फटिक प्रसिद्ध केला. हिरा भरीव असतो. यात खोल्याच खोल्या. पण बांधकाम कच्चं होतं, स्फटिक सहज ढासळायचे. बऱ्याच जणांनी ते निरुपयोगी ठरवून सोडून दिलं.

निरुपयोगी म्हटल्यावर कितागावांना मात्र भीती वाटत नव्हती. विद्यार्थी असताना त्यांनी हिदेकी युकावा यांचं पुस्तक वाचलं होतं. युकावा म्हणजे जपानचे पहिले नोबेल मानकरी, भौतिकशास्त्राचे. त्यात च्वांग त्सू या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाचा विचार आला होता : आज ज्याचा उपयोग दिसत नाही, त्याच्याकडेही नीट बघावं. कितागावांनी हा विचार कारकिर्दीचा पाया केला. १९९२ साली त्यांनी पहिला सच्छिद्र पदार्थ केला, तो काही कामाचा नव्हता. अनुदान मागितलं, नकार आला. पुन्हा मागितलं, पुन्हा नकार. अनुदान समितीची बाजूही समजून घ्या. झिओलाइट स्वस्त आहे, टिकाऊ आहे, मग हा नाजूक प्रकार कशाला? प्रश्न चुकीचा नव्हता. फक्त तो फार लवकर विचारला गेला. १९९७ साली कितागावांनी कोबाल्ट, निकेल, झिंक यांचे असे सांगाडे बांधले, की आतलं पाणी काढून टाकलं तरी सांगाडा उभा. त्यात मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन भरता येई आणि परत काढता येई. भरा, काढा, भरा, काढा, आकार तोच. मला विचाराल तर या शास्त्राचा खरा वाढदिवस हाच.

तिसरे याघी. अम्मानमध्ये पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबात जन्म. एक खोली, भरपूर भावंडं, त्याच छताखाली गुरंढोरं. घरात वीज नाही, नळ नाही. दहा वर्षांचे असताना शाळेच्या कुलूपबंद ग्रंथालयात ते चोरून शिरले आणि फळीवरून काढलेल्या पुस्तकात त्यांना रेणूंची चित्रं दिसली. पंधराव्या वर्षी वडिलांनी अमेरिकेला पाठवलं. (कुलूपबंद ग्रंथालयं आपल्याकडेही आहेत. तिथे चोरून शिरणारी मुलं हल्ली कमी झालीत, ही जास्त काळजीची बाब.) ज्या घरी नळ नव्हता त्या घरातल्या मुलानं पुढे वाळवंटाच्या हवेतून पाणी काढलं. सिनेमात दाखवलं असतं तर आपण 'काहीही काय' म्हटलं असतं.

१९९९ साली याघींनी मॉफ-५ प्रसिद्ध केलं. कशापासून? जस्त आणि टेरेप्थॅलिक आम्ल. नाव जडजंबाल आहे, पण हे आम्ल आज तुमच्या अंगावर आहे. पॉलिएस्टरचा धागा त्यापासून होतो, पाण्याची प्लास्टिकची बाटली त्यापासून होते. आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला ते टनावारी तयार होतं. आणि जस्ताचं ऑक्साइड म्हणजे घामोळ्यांवर लावतो त्या कॅलामाइन लोशनमधलं. इतकी घरगुती सामग्री. त्यातून झालेल्या मॉफच्या एका ग्रॅममध्ये आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ किती? सुमारे २,९०० चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ एकोणतीस गुंठे! पुढे काही मॉफ ग्रॅमला ७,००० चौरस मीटरच्या वर गेले, म्हणजे पावणेदोन एकर. सातबारा मात्र निघत नाही.

टाळ्या वाजवण्याआधी एक गोष्ट सांगतो. हे मॉफ-५ कोरडं असताना ३०० अंशांना हलत नाही, पण हवेतल्या ओलाव्यानं विस्कटतं. कोकणातल्या जुलैत त्याचा निभाव लागायचा नाही. विक्रमी क्षेत्रफळ हा एक गुण आणि रोजच्या वापरात टिकणं हा दुसरा गुण, आणि मथळ्यात नेहमी पहिलाच छापून येतो.

आता पाण्याकडे येऊ, कारण या बातमीत आपल्या सगळ्यांचे कान टवकारले ते 'हवेतून पाणी' या शब्दांनी. याघींच्या गटानं अ‍ॅल्युमिनिअमचं एक मॉफ केलं, मॉफ-३०३. रात्री हवा गार होते, तिची सापेक्ष आर्द्रता वाढते, तेव्हा हे मॉफ वाफ पकडतं. दिवसा ते थोडं तापलं की पाणी सोडतं, ती वाफ गार करून भांड्यात उतरवायची. दोन-तीनशे अंश लागत नाहीत. पकड मापाची आहे, म्हणून सोडणं स्वस्त आहे. अमेरिकेच्या मोहावे वाळवंटात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक किलो मॉफनं दिवसाला सुमारे ०.७ लिटर पाणी दिलं.

वाळवंटात पाऊण लिटर म्हणजे विलक्षणच. पण आपण मराठवाड्याचा हिशेब मांडू. दहा हजार लिटरचा एक टँकर. तेवढं पाणी रोज हवेतून काढायचं तर किती मॉफ लागेल? चौदा टनांहून जास्त. बरं, टँकर सोडा, एक घर घेऊ. सरकारी योजनेत माणशी दिवसाला ५५ लिटरचं प्रमाण धरलं आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे जवळपास ४०० किलो मॉफ. हे घर मॉफचं गोदाम होईल. आता फक्त पिण्याचं पाणी धरा, माणशी तीन लिटर, पंधरा लिटर. एकवीस-बावीस किलो मॉफ. इथे मात्र गणित माणसात येतं. ज्या वस्तीच्या विहिरीचं पाणी क्षारानं किंवा फ्लोराइडनं पिण्याजोगं राहिलेलं नाही, तिथे एवढं शुद्ध पाणी म्हणजे पुष्कळ झालं. तेव्हा 'दुष्काळावर उपाय सापडला' असं कुणी म्हणालं तर त्याला हा गुणाकार करायला लावा, आणि 'हे सगळं फुकाचं' असं कुणी म्हणालं तर त्यालाही हाच करायला लावा.

दुसरं काम सिमेंटच्या चिमणीवरचं. चंद्रपूरकडे कोण गेलंय? चुनखडी, भट्ट्या, धूर. लोकांना वाटतं सिमेंटच्या कारखान्यातला कार्बन डाय-ऑक्साइड कोळशामुळे येतो. त्यातला मोठा भाग चुनखडीतूनच येतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. भट्टी उद्या सूर्यावर चालवली तरी हे ४४ किलो चुकत नाहीत. ते चिमणीतच पकडायला हवेत.

पकडायची जुनी रीत म्हणजे अमाइन नावाच्या द्रावणांत वायू विरघळवणं. ती पकड रासायनिक बंधाची, घट्ट. सोडवायला द्रावण तापवावं लागतं, आणि तापवायला पुन्हा इंधन. कॅनडात कॅल्गरी विद्यापीठातल्या जॉर्ज शिमिझू यांच्या गटानं जस्ताचं कॅल्फ-२० नावाचं मॉफ केलं. त्याची पकड सैल. चिमणीतल्या दमट वायूतूनही ते कार्बन डाय-ऑक्साइड उचलतं आणि वाफेचा झोत मारला की सोडून देतं. असे साडेचार लाखांहून जास्त झोत ते झेलू शकतं, हे २०२१ साली प्रसिद्ध झालं, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच आहे. पावणेदोन एकरापेक्षाही! या साडेचार लाखांत विक्रमी काही नाही. त्यात टिकाऊपणा आहे. कॅनडाच्याच रिचमंड गावातल्या सिमेंट कारखान्यात त्याची चाचणी झाली, दिवसाला सुमारे एक टन कार्बन डाय-ऑक्साइड पकडून. कारखान्याच्या एकूण धुरापुढे हे चिमूटभर आहे. पण प्रयोगशाळेतल्या मिलिग्रॅमपासून टनापर्यंतचा हा रस्ता फार थोडे पदार्थ चालून जातात. याच शिमिझू यांच्या गटातून, मॉफमध्ये कार्बन डाय-ऑक्साइड नेमका कुठे बसतो हे प्रत्यक्ष दाखवणारा शोधनिबंध २०१० साली निघाला. त्यावर पहिलं नाव होतं रामनाथन वैद्यनाथन यांचं, आणि ते आज पुण्याच्या आयसरमध्ये काम करतात. या सभागृहात आयसरमध्ये जाऊ इच्छिणारी मुलं असतील तर त्यांनी कान इकडे करावा.

तिसरं उदाहरण थोडक्यात. फळं पिकतात ती इथिलीन वायूनं. आढीत आंबे दाबून ठेवले की हाच वायू साठतो आणि आंबा आंब्याला पिकवतो. कॅल्शियम कार्बाइड टाकून पिकवायला बंदी आहे, ठरलेल्या प्रमाणात इथिलीन वापरायला परवानगी आहे, हे बाजारात आंबा घेताना लक्षात असू द्या. उलट, पिकणं लांबवायचं असेल तर इथिलीनचा संदेश अडवणारा एक वायू वापरतात. तो सांभाळणं अवघड. बाजारात आलेल्या सुरुवातीच्या मॉफ उत्पादनांपैकी एकाचं काम हेच होतं : हा वायू पोटात धरून ठेवायचा आणि फळांच्या कोठारात हळूहळू सोडायचा. इथे तर सोडण्याचेच पैसे मिळतात.

आणि सोडण्याचंच बोलायचं तर तुमच्या खिशातला मोबाइल काढा. काढा, आज परवानगी आहे. त्यातली लिथियम बॅटरी म्हणजे हाच खेळ. चार्ज करताना लिथियमचे आयन एका बाजूच्या थरांतून निघून दुसरीकडच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत येतात. २०१९चं नोबेल याच कामाला मिळालं, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना. बॅटरी जुनी झाली की आपण 'बसली' म्हणतो. काही आयन वाटेत अडकून राहतात, थर झिजतात, ये-जा आटते. तेव्हा उद्या पेपरात 'दुप्पट क्षमतेची बॅटरी' वाचलीत तर क्षमतेच्या खालची ओळ शोधा : किती वेळा? ती ओळ नसेल तर बातमी अजून प्रयोगशाळेच्या उंबरठ्याच्या आतच आहे.

मॉफच्या बाबतीत मी स्वतः ज्या कामाकडे सर्वांत साशंकपणे बघतो ते शेवटी सांगतो. न चिकटणाऱ्या तव्यांपासून पाणी न शोषणाऱ्या कापडापर्यंत वापरलेली फ्लोरिनची काही रसायनं पाण्यात उतरतात आणि विघटित होतच नाहीत. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध तोडायला निसर्गाकडे फारशी हत्यारंच नाहीत. अमेरिकेनं २०२४ साली पिण्याच्या पाण्यात अशा दोन रसायनांची मर्यादा लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ठेवली, यावरून धास्ती किती ते कळेल. काही मॉफ ही रसायनं पाण्यातून वेचून घेतात. उत्तम. पण भरल्यावर काय? नायट्रोजन हवेत सोडता येतो, पाणी भांड्यात सोडता येतं. हे कुठे सोडणार? मॉफ धुतलं तर ते धुणाच्या पाण्यात येणार, मॉफ फेकलं तर कचऱ्याच्या डेपोत जाणार आणि तिथून पावसाबरोबर पुन्हा विहिरीत. पकडलेलं तिथल्या तिथे तोडून टाकणारी पोकळी लागेल, आणि त्यावर काम चालू आहे.

माझी वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. प्रश्नांसाठी माइक मागच्या रांगेपासून सुरू करा, पुढच्या रांगेतल्यांना मी जाताना गाठतो. कॅल्फ-२०चा किलोचा भाव तेवढा विचारू नका. बाकी सगळं विचारा.